‘आज घरी जा’ म्हटलं की झालं?

राउंडला डॉक्टर सकाळी दहाला ‘आज घरी सोडा’ म्हणतात आणि निघून जातात. अकराला नातेवाईक पिशव्या भरून काउंटरवर हजर. ‘सिस्टर, अजून किती वेळ?’ अहो, डिस्चार्ज समरी टाइप व्हायचीय, उरलेली औषधं फार्मसीत परत जायचीत, मग फायनल बिल, मग टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था)! कॅशलेसला तीन तासांत मंजुरी द्यायची, असा विमा नियामकाचा २०२४ चा नियम आहे. पण इथून विनंतीच दुपारी दोनला जाते, त्यात एक क्वेरी आली की संध्याकाळ. तोवर सुई काढलेल्या आजी उपाशी ताटकळतात (डिस्चार्ज पडला म्हणून किचनने त्यांचं ताटच बंद केलेलं!), खाली कॅज्युअल्टीत दुसरा पेशंट बेडसाठी स्ट्रेचरवर. आणि बोलणी कोणाला? आम्हाला! समरी आदल्या रात्रीच लिहून ठेवा, हे किती वेळा सांगायचं?