उघडी मांडणी आणि आपले हात

दुकानात मांडलेला माल हा ग्राहकांसाठीच असतो, तेव्हा तो हवा तसा हाताळावा आणि हवा तिथे टाकून द्यावा, अशी समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. मला ती साफ चुकीची वाटते. तिच्यामुळे होणारे नुकसान आपल्या नजरेसमोर घडत असूनही आपण ते पाहत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते आहे.

भाजीपासून सुरुवात करते. भेंडी कोवळी आहे की जून, हे ओळखण्यासाठी तिचे टोक मोडून बघण्याची आपली जुनी रीत आहे. पाटकन तुटली तर कोवळी, नुसतीच वाकली तर जून. मंडईत एखाददुसरी भेंडी अशी मोडली जाते आणि बहुतेक वेळा तीच आपल्या पिशवीत येते, कारण भाजीवाल्या मावशी समोर बसलेल्या असतात. सुपरमार्केटच्या क्रेटसमोर कुणीच बसलेले नसते, त्यामुळे तिथे एकामागून एक टोके मोडली जातात आणि मोडलेल्या भेंड्या तशाच मागे राहतात. काही वेळाने ती जागा काळपट पडते आणि नंतर येणारा प्रत्येक जण त्या भेंड्या बाजूला सारतो. दुधी भोपळ्याचेही तसेच. त्यावर उमटलेल्या नखांच्या खुणा हळूहळू तपकिरी होत जातात आणि तिथून तो नासू लागतो. शेतकऱ्याने पहाटे तोडून पाठवलेला चांगला माल शेतात खराब झाला नाही, वाहतुकीत झाला नाही, तो आपल्या बोटांनी झाला, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्याहून गंभीर प्रकार थंड पदार्थांचा आहे. गोठवलेले मटार किंवा आइस्क्रीम उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात ठेवावे लागते; पनीर, दही यांना साधारण ५ अंशांच्या आतला थंडावा लागतो. कारखान्यापासून दुकानाच्या फ्रीझरपर्यंत हा थंडावा टिकवण्यासाठी पुष्कळ वीज आणि मेहनत खर्च झालेली असते. मग एखादे कुटुंब मटाराचे पाकीट उचलते, तिसऱ्या रांगेत विचार बदलते आणि ते पाकीट बिस्किटांच्या पुड्यांमागे सरकवून निघून जाते. कर्मचाऱ्याच्या हाती ते लागते तेव्हा ते मऊ पडलेले असते, आजूबाजूचे पुडे ओले झालेले असतात. ते किती वेळ बाहेर होते हे कुणालाच माहीत नसल्यामुळे प्रामाणिक दुकानदाराला ते फेकूनच द्यावे लागते. समजा, कुणी ते गुपचूप पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवले, तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाच्या ताटात जाणार आहे.

कपड्यांच्या दुकानांबद्दल मला अधिक माहिती आहे, कारण आमच्या शेजारच्या ताई पुण्यातल्या अशाच एका मोठ्या दुकानात काम करतात. टी-शर्टांचा ढीग लावताना लहान मापे वर आणि मोठी खाली ठेवतात, प्रत्येक घडी सारख्या रुंदीची यावी म्हणून एक पाटी वापरतात आणि मापाची पट्टी समोर दिसेल अशी बाजू पुढे करतात. ग्राहकाने मधला शर्ट खसकन ओढला की सगळा ढीग कलतो. दोन्ही हातांनी वरचे चार कपडे उचलून हवा तो काढून घेतला तर काहीही बिघडत नाही. ट्रायल रूममध्ये उलटे करून टाकलेले कुर्ते, त्यांच्या गळ्याला लागलेली लिपस्टिक, जमिनीवर पडलेल्या टाचण्या, हे सगळे दिवसभर निस्तरावे लागते. सणासुदीच्या दिवसांत शटर खाली आल्यावरही घड्या घालण्याचे काम चालूच असते, त्यामुळे ताईंना घरी पोहोचायला मध्यरात्र होते. हे काम उभ्याने करायचे असते. दुकानातील कर्मचाऱ्यांना बसायला आसन मिळावे यासाठी केरळला २०१८ साली आणि तमिळनाडूला २०२१ साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली, यावरून या नोकरीत पायांचे काय होत असेल याची कल्पना यावी.

पूर्वी वाण्याला यादी द्यायची आणि तो वजन करून पुड्या बांधून देत असे. ग्राहकाने स्वतः फिरून माल उचलावा, ही पद्धत १९१६ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांच्या ‘पिगली विगली’ या दुकानाने रूढ केली. तिचा पायाच विश्वासाचा आहे. माल आपल्या हाती सोपवलेला असतो, त्याची किंमत अजून आपण दिलेली नसते. हा विश्वास उडाला की काय होते, तेही आता दिसू लागले आहे: अत्तरे, दाढीची पाती, महाग क्रीम कुलूपबंद कपाटात जातात, आणि नीट वागणाऱ्या माणसालाही किल्ली येईपर्यंत ताटकळावे लागते.

दुकानांचेही चुकते, हे मान्य करायला हवे. दिवाळीच्या तोंडावर अरुंद वाटेत काचेच्या बरण्यांचे मनोरे रचायचे आणि गर्दीत एखाद्याचा धक्का लागला की त्यालाच बोल लावायचा, हे न्याय्य नाही. तारीख पाहून मागच्या रांगेतले ताजे पाकीट घेण्याचाही ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. पुढची पाकिटे आडवी पाडून ठेवण्याचा मात्र नाही. सौंदर्यप्रसाधनांच्या विभागात टेस्टर ठेवलेला असताना नव्या डबीचे सील फोडून बोट घालणाऱ्यांना तर कोणतीच सबब नाही, कारण सील फुटलेली डबी पुढे कुणीच विकत घेणार नाही.

एखादी वस्तू नको झाली तर ती मूळ जागी परत ठेवावी, आणि तेवढे चालणे जमत नसेल तर बिलिंगच्या काउंटरवर ‘ही नको’ असे सांगून द्यावी. यात कसलाही कमीपणा नाही. काउंटरवरची मुले ती बिनतक्रार बाजूला काढतात, आणि पनीर किंवा आइस्क्रीम असेल तर वेळेत हातात आल्यामुळे ते ताबडतोब परत पाठवता येते.