दोन फूट गडद निळा

जानेवारीचा दुसरा आठवडा उलटला तरी तुम्ही ‘गेल्या वर्षी मला आवडलेली दहा पुस्तकं’ टाकलेली नाहीत. आता लोक काळजीनं विचारू लागतील. घरी सगळं ठीक आहे ना? नोकरी आहे ना अजून? तेव्हा यादी टाका. वाचायचं वगैरे मग बघू. पण यादीच्याही आधी भिंत करून घ्या, कारण यादीसोबत फोटो लागतो आणि फोटोत पुस्तकांच्या मागे काहीतरी दिसतंच. मागच्या वर्षी मी दहा पुस्तकं वॉशिंग मशीनवर रचून फोटो काढला होता. सात जणांनी दखल घेतली. त्यातल्या दोघांनी मशीन किती किलोचं आहे ते विचारलं.

भिंत म्हणजे हॉलमधली. मधोमध 55 इंची टीव्ही आणि त्याच्या दोन्ही अंगांना पुस्तकं, देवीच्या बाजूला चवऱ्या ढाळणाऱ्या दासी उभ्या असाव्यात तशी. पुस्तकांनी स्वतंत्र भिंत मागू नये.

सुतार पहिल्याच दिवशी विचारेल, “वर ठेवणार काय?” इथे खरं बोलू नका. मी खरं बोललो. ‘पुस्तकं’ ऐकल्याबरोबर त्यानं पेन्सिल कानावर परत खोचली. म्हणाला, “मग तीन फुटाला मधी उभी पट्टी घ्यावी लागंल, साहेब. कागदाइतकं जड काय नसतं. अठरा एमएमचा प्लाय असला तरी झोल खातोय.” डिझायनर मॅडमना मधली पट्टी चालेना. पट्टीनं म्हणे नजर अडखळते. मग सहा फुटांची सलग फळी झाली, तिच्या खालच्या अंगाला वॉर्म व्हाइट दिव्यांची पट्टी बसली, आणि दिवाळीपर्यंत फळी मधोमध हसायला लागली. मॅडम आल्या, मान तिरकी करून बघत राहिल्या आणि उपाय सांगून गेल्या. पुस्तकं कमी करा.

सूत्र साधं आहे, लिहून घ्या. एक भाग पुस्तकं, एक भाग वस्तू, एक भाग मोकळी जागा. वस्तूंमध्ये पितळेचं हरीण, काचेच्या बाटलीतला मनी प्लांट आणि कधीच पेटवायची नसते अशी मेणबत्ती. हरणाचा एक पाय हमखास डगमगतो. त्याखाली कवितासंग्रह सरकवावा. मराठी कवितासंग्रहाचा कणा इतका बारीक असतो की त्यावर कवीचं नावसुद्धा धड मावत नाही, त्यामुळे कोणाचा अपमान झाला हेही कळत नाही.

आता खरेदी. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, तिथे जाताना टेप आणि भिंतीच्या रंगाचं शेड कार्ड बरोबर ठेवा. “निळ्यात काय आहे?” असं विचारायला लाजू नका. विक्रेता पहिल्या गिऱ्हाइकाला दचकतो, पाचव्यापर्यंत सरावतो. माझ्या पुढच्या जोडप्याला त्यानंच विचारलं, “गडद की आकाशी? आकाशीत बालसाहित्य आहे, गडदमध्ये चरित्रं.”

“चरित्रं जाड असतात ना?”

“चार-पाचशे पानं धरा.”

“मग दोन फूट गडद द्या.”

ज्यांचं चरित्र होतं त्या थोरांनी आयुष्यभर काय सोसलं असेल ते असो, शेवटी ते सोफ्याच्या कव्हरला मॅच झाले.

मराठी पुस्तकांची एक खोड मात्र आधीच माहीत असू द्या. काहींच्या कण्यावरचं नाव वरून खाली जातं, काहींचं खालून वर येतं. ओळीनं लावली की पाहुण्यांची मान टेनिसचा सामना बघितल्यासारखी इकडून तिकडे होते. यावर आधुनिक तोडगा असा, की पुस्तकं उलटी ठेवायची. कणा भिंतीकडे, पानं आपल्याकडे. सगळी भिंत एका रंगाची, शांत. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपासून आणलेली जुनी पुस्तकं यासाठी उत्तम. त्यांच्या पानांना जो रंग चढलेला असतो त्याला डिझायनर ‘एज्ड आयव्हरी’ म्हणतात. आमची आई ‘पिवळी पडलीत’ म्हणते. शिवाय आपण कुठलं पुस्तक वाचलेलं नाही हे पाहुण्याला कळत नाही. कालांतराने आपल्यालाही कळत नाही.

ग्रंथालयवाल्या मित्रांना असल्या भिंतीसमोर उभं करू नका. त्यांना लगेच एस. आर. रंगनाथन आठवतात. मद्रास विद्यापीठाच्या या ग्रंथपालांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच, पुस्तकं वापरासाठी असतात. पाचवा, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. आमच्या हॉलची भिंत 11 फूट आहे आणि ती वाढणार नाही. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक, वर्गीकरणासाठी त्यांनी आयुष्य घातलं, दोन अंकांच्या मध्ये अपूर्णविराम (:) टाकून अख्खी पद्धत उभी केली. पण नावातच रंग असूनही पुस्तकं रंगानुसार लावायचं काही त्यांना सुचलं नाही.

दिवाळी अंकांचं काय करायचं असंही बरेच जण विचारतात. 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकानं दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हा त्याचे संपादक का. र. मित्र यांना फॉल्स सीलिंगची कल्पना असणं शक्य नव्हतं. भडक मुखपृष्ठं, प्रत्येकाचा आकार वेगळा. माळ्यावर टाका.

भिंत झाली. आता यादी.

यादीत एक पुस्तक नोबेलवाल्याचं लागतं. 2025 चं नोबेल हंगेरीच्या लास्लो क्रास्नाहोर्काई यांना मिळालं. हे नाव आरशासमोर आठ-दहा वेळा म्हणा. अडखळत नाही म्हणजे निम्मं वाचन झालं. त्यांची वाक्यं पानंच्या पानं संपत नाहीत एवढं सांगता आलं की उरलेलं निम्मंही झालं. दुसरं पुस्तक ब्रिटनच्या इंटरनॅशनल बुकर पारितोषिकवालं. 2025 मध्ये ते बानू मुश्ताक यांच्या कथांना, दीपा भास्ती यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादासाठी मिळालं. कन्नडला पहिल्यांदाच. कोल्हापूर सोडलं की तासाभराच्या आत कन्नड पाट्या दिसू लागतात, पण आपल्यापर्यंत कन्नड कथा लंडनमार्गे आली, हे यादीत अभिमानानं नमूद करा. तिसरं पुस्तक मित्राचं. चौथं, ज्यानं गेल्या वर्षी तुमचं पुस्तक यादीत घेतलं होतं त्याचं. पाचवं एखादं जुनं, जाडजूड, आणि त्यापुढे ‘पुनर्वाचन’ असं लिहा. पहिलं वाचन कधी झालं होतं हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

सहा ते दहा कोणी वाचत नाही. तिथे तीच नावं परत टाकलीत तरी चालेल.

प्रत्येक पुस्तकापुढे एक ओळ हवी. ‘अस्वस्थ करणारं’ हे कुठेही चालतं. ‘अंतर्मुख करणारं’ जरा महाग, जपून वापरा. आणि एका पुस्तकापुढे ‘हे संपवल्यावर बरेच दिवस दुसरं काही वाचताच आलं नाही’ असं जरूर लिहा, म्हणजे यादीत एक तरी वाक्य खरं असेल. मी स्वतः गेल्या वर्षी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं पुस्तक म्हणजे स्वयंपाकघरातल्या चिमणीचं मॅन्युअल. उत्कंठावर्धक होतं. फिल्टर कसा काढायचा ते शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

देखभालीबद्दल जुन्या लोकांनी पोथ्यांच्या शेवटी सांगून ठेवलंच आहे. तैलाद्रक्षेत्, जलाद्रक्षेत्, रक्षेत् शिथिलबन्धनात्. पोथी स्वतःच विनवते, मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, बांधणी सैल होण्यापासून जपा. काचेची दारं लावलीत की तेल नाही, पाणी नाही. उघडलंच नाही तर बांधणी सैल व्हायचा प्रश्न नाही. राहिलं शेवटचं, मूर्खाच्या हाती देऊ नका. तेवढ्यासाठीच आपणही हात लावत नाही. पावसाळ्यात कसर लागू नये म्हणून आत डांबराच्या गोळ्या टाका आणि किल्ली नीट ठेवा. आमची किल्ली फ्रिजवरच्या स्टीलच्या डब्यात असते. नसली तर कुठे असते ते माहीत नाही.

एक धोका मात्र सांगितला पाहिजे. घरात वाचणारं माणूस असेल तर सजावट टिकत नाही. आमच्याकडे आई आहे. ती आठवड्याला दोन पुस्तकं वाचनालयातून आणते. खाकी कव्हर, त्यावर शिक्का, आत तारखांची चिठ्ठी, आणि बाराव्या पानाच्या समासात कोणा सत्पुरुषानं पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘खून मेहुण्याने केला आहे.’ त्याखाली वेगळ्या अक्षरात, ‘मूर्खा.’ असलं पुस्तक आमच्या टीपॉयवर राहून कसं चालेल? पहिल्यांदा मी ते उचलून बुटांच्या कपाटात ठेवलं. आई काही बोलली नाही. हॉलमध्ये तिला वाचता येत नाही, कारण तिथले दिवे पुस्तकांच्या अंगावर पडतात, माणसाच्या नाही. ती बाल्कनीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसते, कपडे वाळत घालायच्या स्टँडच्या बाजूला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पाहुणे आले की बाल्कनीचा पडदा ओढून घ्यावा.

भिलारला सहलीला गेलात तर मुलांना फार वेळ थांबू देऊ नका. पाचगणीजवळच्या त्या स्ट्रॉबेरीच्या गावात 2017 पासून लोकांनी आपल्या घरांतल्या खोल्या पुस्तकांना आणि येणाऱ्या-जाणाऱ्या वाचकांना देऊन टाकल्यात. कोणीही आत जायचं, पुस्तक काढायचं, बसायचं. रंगसंगती सांभाळायला एक माणूस नेमलेला नाही. मुलं घरी येऊन तेच करायला बघतात.

शेवटची युक्ती, आणि ही माझी स्वतःची. पुस्तकासारखा दिसणारा पोकळ डबा मिळतो. जाड पुठ्ठा, कण्यावर सोनेरी वेलबुट्टी, नाव नाही. त्यात वायफायचा राउटर ठेवायचा. मागून वायरीपुरतं भोक. भिंतीवरची ती लोंबणारी काळी पेटी गेली आणि सगळ्या फळीत तोच ग्रंथ सर्वांत भारदस्त दिसू लागला.

परवा वहिनीचे मामा आले होते, रिटायर्ड शिक्षक. काचेचं दार त्या दिवशी नेमकं उघडं राहिलं होतं. चहा येईपर्यंत त्यांनी भिंत वाचली, म्हणजे जेवढी सुलटी होती तेवढी. मग हात लांब करून तोच ग्रंथ ओढला. मागे वायर तटकन निघाली.

आतल्या खोलीतून मुलगा आला. दुसऱ्या खोलीतून मुलगी आली. बायको मीटिंग अर्धी टाकून हेडफोन गळ्यात घेऊन आली. भिंत होऊन वर्ष झालं, पण सगळं घर एकाच वेळी पुस्तकांसमोर उभं राहिलेलं मी पहिल्यांदा बघत होतो. मामा तो डबा छातीशी धरून चाळिशी शोधत होते.

“पुस्तकाला हात कोणी लावला?” मुलगा ओरडला.

पडद्यामागून आईनं विचारलं, “कोणतं रे?”