"फक्त प्रश्नावली आहे, एथिक्सची परवानगी कशाला?"

संशोधक विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो: "रक्त काढायचं किंवा औषध द्यायचं असेल तरच एथिक्स कमिटी लागते. एमए, एमएसडब्ल्यूच्या सर्व्हेला नाही. गुगल फॉर्मवर संमतीचा चौकोन ठेवा, गाइडची सही घ्या. पुढे जर्नलने मागितलंच तर पत्र काढता येतं." एथिक्स कमिटी म्हणजे अभ्यासात भाग घेणाऱ्या माणसांना त्रास होऊ नये म्हणून प्रस्ताव आधी तपासणारी समिती. हा मेसेज वाचून मुलं कामाला लागतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

सुई टोचली तरच परवानगी, हे खरं नाही. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आरोग्याशी जोडलेल्या सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनालाही लागू आहेत. पाळी, व्यसन, नैराश्य, नवऱ्याची मारहाण, सगळं त्यात आलं. संशोधक विद्यार्थी आहे म्हणून सूट नाही.

आणि धोका सुईतच असतो ही समजूत मला सगळ्यात घातक वाटते. बीडकडची ऊसतोड करणारी बाई घ्या. कारखान्याच्या तळावर, कोपीसमोर बसून तुम्ही तिला गर्भाशय काढल्याबद्दल विचारताय. ज्याच्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतले तो मुकादम चार पावलांवर उभा आहे. ती "नाही सांगायचं" म्हणू शकेल? नाव गाळलं तरी गाव, वय, मुलं किती आणि ऑपरेशनचं साल प्रबंधात छापलं, की वस्तीतलं कुणीही तिला ओळखेल. कमिटी हेच तर विचारते. मुलाखत कुठे घेणार, कोण ऐकत असेल, बाई रडायला लागली तर काय कराल, रेकॉर्डिंग कुणाच्या फोनमध्ये राहणार आणि कधी पुसणार?

लॉड हम्फ्रीज अमेरिकेत सेंट लुईसला पीएचडीच करत होता. 1960 च्या दशकात सार्वजनिक स्वच्छतागृहांत भेटणाऱ्या पुरुषांचे लैंगिक संबंध त्याने पाहिले, त्यांच्या गाड्यांचे नंबर टिपून पत्ते काढले आणि वर्षभराने वेश बदलून, आरोग्य सर्वेक्षणाच्या नावाखाली त्यांच्या घरी गेला. ती यादी बाहेर पडली असती तर किती संसार मोडले असते! रक्ताचा थेंबही न काढता.

संमतीचा चौकोन? अकरावी-बारावीची मुलं 18 च्या आतली असतात. त्यांची स्वतःची तयारी हवी आणि साधारणपणे पालकांची संमतीही. गाइडची सही कमिटीची जागा घेत नाही, कारण प्रबंध वेळेत व्हावा ही गाइडचीही गरज असते. म्हणून तर कमिटीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि सामान्य नागरिकही सदस्य असतो.

"नंतर काढू" हे तर होतच नाही. माहिती गोळा झाल्यावर मागच्या तारखेने मंजुरी देता येत नाही.

मेसेजमध्ये थोडं खरंही आहे. प्रकाशित आकडेवारीवरच्या कामासारख्या अगदी कमी धोक्याच्या अभ्यासाला पूर्ण छाननीतून सूट मिळू शकते. पण ती कमिटीने द्यायची, आपण घ्यायची नाही. आरोग्याशी संबंध नसलेल्या विषयांत आपल्या विद्यापीठाचा नियम पाहावा लागतो. कमिटीच्या बैठका लांबतात ही तक्रारही रास्त आहे. किरकोळ धोक्याच्या प्रस्तावांसाठी जलद छाननीची सोय आहे, ती कॉलेजांनी खरोखर वापरायला हवी.

कॉलेजला स्वतःची कमिटी नसेल, तर करार करून दुसऱ्या संस्थेच्या कमिटीकडे प्रस्ताव नेता येतो. प्रश्नावलीच्या झेरॉक्स काढण्याआधी गाइडला एवढं विचारा, की आपला अर्ज कुठल्या कमिटीकडे जातो आणि तिची पुढची बैठक कधी आहे.