कॅनडाला जाताना काकांना कुठं ठेवाल?

परदेशी स्थायिक होताना बरोबर काय न्यावं, याच्या याद्या सध्या बडोद्यात लग्नाच्या याद्यांपेक्षा जास्त फिरतात. कुकर, पोळपाट, गोडा मसाला, मेतकूट, तापाच्या गोळ्यांच्या पट्ट्या. मागे काय ठेवावं हे मात्र कोणी सांगत नाही. ती उणीव भरून काढावी म्हणून हा प्रपंच. मी स्वतः कुठं गेलेलो नाही. अहमदाबादच्या विमानतळावर बिनतिकिटाच्या माणसाला जिथं अडवतात, तिथपर्यंत तेवढा गेलोय. सात वेळा. दर वेळी रात्री आणि दर वेळी दुसऱ्याच्या बॅगा उचलून. पण मी काका आहे, त्यामुळे या विषयातलं मला कळतं.

तर, पासपोर्ट झाला की तिकिटाच्या आधी एक काका निवडा. निवृत्त असावा. ॲक्टिव्हा चालवता यावी, एक गुडघा तरी शाबूत असावा. व्हॉट्सॲप येत असावं, पण ‘नाही’ म्हणता येत नसावं. बँकेतून निवृत्त झालेला मिळाला तर दुधात साखर, कारण अर्धवट भरलेला फॉर्म दिसला की अशा माणसाला जेवण जात नाही. आत्या, मावश्या चालतात, पण त्या उलट बोलतात. काका फक्त घसा खाकरतो.

कागदपत्रांची काळजी जायच्या आधी अजिबात करू नका. आपल्याकडे कागद म्हणजे नावं, आणि नावांचा तर आनंदच आहे. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टात शेवटी. सूनबाईंच्या पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि पासपोर्टात थोडं इकडचं, थोडं तिकडचं. नातवाचा जन्मदाखला गुजरातीत. या तीन नावांची बाई एकच आहे असं ‘वन अँड द सेम पर्सन’चं ॲफिडेव्हिट नोटरीकडून करून घ्यायचं, दाखल्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्यायचं, हे सगळं इथं असताना आठवड्याभरात होतं. म्हणूनच करू नका. तिथं पोचल्यावर दीड महिन्यानं आठवू द्या. भारत अपोस्टिल करारात, म्हणजे एका देशाच्या शिक्क्याचा कागद दुसऱ्यानं मानायच्या करारात, २००५ पासून आहे आणि कॅनडात तो ११ जानेवारी २०२४ ला लागू झाला, त्यामुळे आता परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर वकिलातीत पुन्हा कागद नाचवावे लागत नाहीत, ही माहितीसुद्धा तुम्ही शोधू नका. काका शोधतो. त्याला दुपारी काय काम असतं?

मुलांच्या लसींची पुस्तिका कपाटात विसरून जाणं उत्तम. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात शाळेला लसीकरणाची नोंद लागते, नसली तर मुलाला काही दिवस घरी बसवू शकतात. त्यामुळे मजा येते. मी पुतण्याच्या कारेलीबागेतल्या बंद खोलीतलं कपाट उघडून, साड्यांच्या खालून ती पुस्तिका काढली आणि ट्यूबलाइटखाली एकेक पान धरून फोटो पाठवले. चौथ्या पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ आहे, बरोबर गोवराच्या रकान्यावर. तिथं डॉक्टरांनी लिहिलंय ती तारीख आहे की सही, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. वर पुतण्या विचारतो, ‘काका, जरा क्लिअर फोटो काढाल का?’

स्वेटर इथल्या तिबेटी बाजारातून घ्या. उणे वीसमध्ये ते बनियन म्हणून चालतं.

दाढा मात्र इथंच उपटून जा, त्यांच्या सरकारी आरोग्य-कार्डात दात धरत नाहीत.

मिक्सर न्याच. इथं वीज २३० व्होल्टची, तिथं १२० ची, हे कोणी सांगू लागलं तर ‘ॲडॉप्टर घेतलाय’ म्हणा. ॲडॉप्टरनं फक्त पिन बसते. मिक्सर फिरतो, पण ओलं खोबरं वाटायला घेतलं की काकड आरतीला उठवलेल्या माणसासारखा कण्हतो. माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा, त्यात साडेचार किलो हा मिक्सर. त्याच्या जागी पुस्तिका बसली असती, नाही का?

घरभाड्याचं सोपं आहे. पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं आधी द्यायचं. नव्या माणसाला तिकडं क्रेडिट स्कोअर नसतो, मग घरमालक ओळख देणारा माणूस मागतो. माझा नंबर देऊन टाका, मला आधी कळवायची गरज नाही. रात्री पावणेबाराला एका गृहस्थांनी मला इंग्रजीत विचारलं, हा मुलगा भाडेकरू म्हणून कसा आहे? मी खरं तेच सांगितलं: चौतीस वर्षं आमच्या वाड्यात राहिला, एकदाही भाडं दिलं नाही. गृहस्थ बराच वेळ काही बोलेनात.

आता बँक. परदेशी राहायला गेलेल्या माणसाला इथलं साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं खातं, करून घ्यावं लागतं, फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात तसं आहे. जायच्या आधी मी पुतण्याला हे तीन वेळा सांगितलं, त्यातलं एकदा श्रीखंड वाढता वाढता. ‘करू हो काका.’ केलं काय? इथलं सिमकार्ड माझ्या जुन्या फोनमध्ये घालून दिलं आणि म्हणाला, ‘फक्त ओटीपी आला की सांगा.’ फक्त! हिवाळ्यात टोरांटो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. त्याचे दुपारचे चार म्हणजे आमचे रात्रीचे अडीच. अडीचला फोन वाजला की तुमची काकू आधी उठून बसते आणि मग ‘कोण गेलं?’ असं विचारते, कारण आमच्या वयात त्या वेळचा फोन एकाच कामाचा असतो. मी चष्मा शोधतो. ‘काका, सहा आकडे आले का?’ आले. वाचून दाखवेपर्यंत मुदत संपते. ‘थांबा, रिसेंड करतो.’ आणि हे सगळं कशासाठी? वहिनींच्या औषधांचं बिल? लाइट बिल? वेरा, म्हणजे घरपट्टी? छे. मॅच बघायच्या ॲपची वर्गणी संपली होती. नोकरीची शेवटची आठ वर्षं मी काउंटरवर बसून म्हाताऱ्या खातेदारांना हात जोडून सांगत आलो, ओटीपी कोणाला, अगदी मुलालासुद्धा सांगू नका. आता मी स्वतः अंधारात पलंगावर बसून ‘चार, शून्य, नऊ’ म्हणतो.

लीलो चिवडो आणि भाकरवडी कुरिअरनं मागवत राहा. तिथं टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनमध्ये दोन्ही मिळतात, पण ‘ती चव नाही’.

आणि आता लायसन्स. हे नीट ऐका, कारण माझं डोकं इथंच फिरलंय.

ऑन्टारियोत जी-वन म्हणून लेखी परीक्षा, मग जी-टू, मग पूर्ण जी. नव्या माणसाला एकातून दुसऱ्यात जायला थांबावं लागतं. पण आपल्या देशात दोन वर्षं किंवा जास्त गाडी चालवलेली असल्याचं पत्र दाखवलं, तर लेखीनंतर थेट शेवटची परीक्षा देता येते. पत्र लायसन्स देणाऱ्या कचेरीचं हवं. हे मला डिसेंबरच्या शेवटी कळलं, अर्थात रात्री. ‘काका, अर्जंट आहे, विम्याचे हप्ते निम्म्यावर येतील.’

मुळात हा गाडी चालवायचा कधी? मोटार ट्रेनिंगच्या एकवीस दिवसांनंतर त्यानं स्टिअरिंग धरलं ते फक्त नवरात्रात, आणि तेही गरब्याच्या मैदानाबाहेर पार्किंग शोधायला. पण ठीक आहे. कागदावर २००८ पासून चालवतोय, मी कशाला तोंड उघडू?

पहिली फेरी. खिडकीवरच्या ताई भल्या होत्या. म्हणाल्या, ‘काका, लायसन्स तुमचं नाही ना? मग ज्याचं आहे त्याचं अधिकारपत्र आणा.’ बरोबर आहे. मी त्याला कळवलं. सहा दिवसांनी अधिकारपत्र आलं. दुसरी फेरी. ताईंनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. ‘सही कुठंय?’ सही नव्हतीच. नाव टाइप केलेलं, खाली मोकळी जागा, त्या जागेत माझा घाम. पुन्हा कळवलं. सही आली. तिसरी फेरी, चौदा जानेवारीच्या आदल्या दिवशी, पतंगांच्या दोऱ्यांतून मान वाचवत. लायसन्सची फक्त पुढची बाजू होती, मागची नाही. त्या रात्री लिहिलं की मागची बाजू पाठव. त्यानं उत्तर दिलं पंधराला: ‘पाठवलंय, आजच जाऊन या ना.’ आज? पंधरा जानेवारीला? अरे, वासी उत्तरायण, संक्रांतीनंतरचा पतंगांचा दुसरा दिवस! बडोद्यात जन्म गेला तुझा, गच्चीवरून ‘काप्यो छे’ ओरडत वाढलास, आणि एका हिवाळ्यात विसरलास की त्या दिवशी अख्खा गुजरात पतंगांत असतो?

चौथ्या फेरीला पत्र मिळालं. साहेबाची सही, गोल शिक्का, तारीख. ताईंनी हसून पाकीटसुद्धा दिलं. मी घरी आलो, पत्र टेबलाच्या काचेखाली सरळ केलं, फोटो काढून पाठवला आणि लिहिलं, झालं रे बाबा. दोन निळ्या खुणा आल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘अरे, सॉरी काका, सांगायचं राहिलं. इथल्या वकिलातीकडूनही पत्र चालतं. ते गेल्या आठवड्यातच मिळालं. ते राहू द्या आता.’ आणि पुढं हात जोडलेलं चित्र.

राहू द्या.

तर वाचकहो, सल्ला असा की वकिलातीचं पत्र चालतं ही बातमी काकाला शेवटी द्या, म्हणजे त्याचा व्यायाम... नाही, जमत नाहीये मला आता. उपरोध संपला.

आपण बडोद्याची मराठी माणसं. आपणही कधीतरी सामान बांधूनच इथं आलो, कोणी गायकवाडांच्या फौजेबरोबर, कोणी मागून कारकुनीला. १८७५ साली कवळाण्याहून बारा वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा इथं दत्तक आला, तो अक्षर ओळखण्यापासून शिकला आणि पुढं सयाजीराव झाला. त्यालाही नवा मुलूख, नवी भाषा, नवे कायदे होते. ज्याचं त्यानं शिकायचं असतं, हे तेव्हा कोणाला सांगावं लागलं नव्हतं. तुम्हाला तर प्रत्येक नियम फोनवर वाचायला मिळतो. तिथं बर्फ काढायचा फावडा कुठला घ्यायचा हे तुम्ही तीन-तीन व्हिडिओ बघून ठरवता. मग इथल्या कामाचा नियम वाचायला कुठं हात मोडतात? जाऊ नका असं मी म्हणत नाही. खुशाल जा. पण आपली कामं बरोबर घेऊन जा. बॅगेत बसत नाहीत म्हणून म्हाताऱ्यांच्या गळ्यात टाकून जाऊ नका.

आणि पुतण्या, तुझ्या आईचं काय? आईवडिलांना बोलवायच्या सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, लाखभर डॉलरचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. तुला हे माहीत आहे, मला ठाऊक आहे, कारण मागच्या वर्षी तूच चौकशी करायला लावली होतीस. तेव्हा सूनबाईंना दिवस गेले होते आणि बाळाला ठेवायच्या पाळणाघराचे दर तू विचारून आला होतास. मग पाळणाघर मिळालं आणि विम्याचा विषय बंद झाला. ती बाई पासपोर्टला फोटो काढायला नवी साडी नेसून माझ्या ॲक्टिव्हावर मागे बसून आली होती. फोटोच्या तीन प्रती उरल्यात, त्या देव्हाऱ्याच्या खणात आहेत.

मला मेसेज करू नकोस असं नाही. कर. पण अडीचला नको, आणि आधी वाच, मग विचार. एकदा काम सांगितलंस की ते झालं का, लागतं का, हे कळवत जा. माणूस आहे मी, खिडकी नाही. आणि आठवड्यातून एकदा तिला फोन कर, व्हिडिओ नको, तिला ते बटण सापडत नाही, साधा कर.

मी रोज संध्याकाळी दूध आणि बीपीच्या गोळ्या घेऊन कारेलीबागेत जातो. दार उघडता उघडताच विचारतात, ‘भाऊजी, त्याचा फोन आला होता का?’ मी म्हणतो, आला होता, वहिनी. मग विचारतात, काय म्हणत होता. मी त्यांना काय सांगू? सहा आकडे?