होय, ७८–०. मग?

आज दुपारी इथं एडिसनला, न्यू जर्सीत, ओक ट्री रोडवर भाजी आणायला गेलो होतो. कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून बघत उभा होतो. अंगात लाल हुडी, छातीवर भलं मोठं 'आर', आमच्या रटगर्स विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं. शेजारी एक ओळखीचे गृहस्थ येऊन उभे राहिले. आपल्यातलेच, मंडळाच्या गणपतीत भेटतात, शिक्षण मिशिगनला झालेलं. हुडीकडे बघून हसले आणि म्हणाले, "अजून घालता होय हे? आम्ही तर तुम्हाला ७८–० नं..." पुढचं वाक्य त्यांनी हातातली भेंडी कट्कन मोडून पूर्ण केलं. वर शहाणपण शिकवलं ते वेगळंच. "कशाला शिरले हे बिग टेनमध्ये? खालच्या कॉन्फरन्समध्ये राहिले असते तर चार मॅच तरी जिंकले असते. झेपेल तेवढंच करावं माणसानं."

बायको सोबत होती म्हणून मी गप्प बसलो. घरी आलो, चहा झाला, अर्धी कोथिंबीर निवडून झाली, तरी डोकं शांत होईना. म्हणून इथं लिहितोय. लांबणार आहे, आधीच सांगतो.

कोल्हापूरच्या दोस्तांनो, हा फुटबॉल म्हणजे आपला शाहू स्टेडियमवरचा नव्हे. हा हेल्मेटवाला, अंडाकृती चेंडूचा. इथं कॉलेजांच्या संघांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. जिंकून वर चढायचं, हरून खाली यायचं असा प्रकार नाही. वरच्यांनी बोलावणं धाडलं तरच जाता येतं. रटगर्सला, म्हणजे आमच्या न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठाला, 'बिग टेन' या बड्या कॉन्फरन्सचं ते बोलावणं नोव्हेंबर २०१२ मध्ये आलं आणि १ जुलै २०१४ पासून आमची पोरं ओहायो स्टेट, मिशिगन, पेन स्टेट यांच्या पंगतीला बसली. बसली खरी, पण पहिली काही वर्षं पानात नुसतं मीठच पडलं. पैशाचा पूर्ण वाटासुद्धा नाही, नवीन आहात म्हणून.

आता त्या ७८–० बद्दल. ८ ऑक्टोबर २०१६, शनिवारची संध्याकाळ, रटगर्स विरुद्ध मिशिगन. गृहस्थ ती मॅच टीव्हीवर बघत होते. मी पिस्काटवेच्या आमच्या स्टेडियममध्ये होतो, लेकीला घेऊन. ती तेव्हा अकरा वर्षांची, पहिल्यांदाच मॅचला आलेली. हाफटाइमला ४३–० होतं. आजूबाजूचे लोक उठून पार्किंगकडे निघाले. आम्ही बसून राहिलो. शेवटपर्यंत. ज्यानं ७८–० बसून बघितलंय त्याला ७८–० ची भीती घालायची नसते, एवढंच मला त्या भेंडीवाल्यांना सांगायचं होतं.

आणि तो काही एकच आकडा नाही, बाकीचेही ऐका, मी लपवत नाही. त्याच मोसमात ओहायो स्टेटनं ५८–०, मिशिगन स्टेटनं ४९–०, पेन स्टेटनं ३९–०. चौघांनी मिळून आम्हाला २२४ गुण मारले आणि आम्ही भोपळा. कॉन्फरन्समधल्या नऊच्या नऊ मॅच हरलो.

बास? पोट भरलं?

मग आता हेही ऐका. कॉलेज फुटबॉलची पहिलीवहिली मॅच कुठं झाली? मिशिगनात नाही. ६ नोव्हेंबर १८६९ ला, इथं न्यू ब्रन्सविकला. रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन, एकेका बाजूला पंचवीस पोरं, आणि आम्ही ६–४ नं जिंकलो. आठवड्याभरानं प्रिन्स्टननं आपल्या गावी बोलावून ८–० नं बदडलं ते सोडा. म्हणजे मार खायची परंपराही तेव्हापासूनचीच आहे, घ्या.

"खालच्या कॉन्फरन्समध्ये राहिले असते तर" म्हणणाऱ्यांना १९७६ साल माहीत नसतं. त्या वर्षी रटगर्स अकराच्या अकरा मॅच जिंकलं. एकही हार नाही. पण कोणाला हरवलं, तर समोर कोणी मोठं नव्हतंच. त्यामुळे मोठ्या बाउलचं, म्हणजे मोसम संपल्यावरच्या मानाच्या सामन्याचं, निमंत्रण कोणी दिलं नाही. एका छोट्या बाउलनं बोलावलं, त्याला यांनीच नको म्हटलं. सगळं जिंकून घरी बसले! खासबागेच्या मैदानात गल्लीतली दहा पोरं चितपट केली म्हणून कोणी गदा देत नाही. जोड कोणाशी लागली ते आधी विचारतात.

'झेपेल तेवढंच करावं' हे वाक्य तर मला चावलंच. अहो, झेपेल तेवढंच करायचं असतं तर आपण कोणी इथं आलो असतो का? एडिसनमधल्या एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये चौघांनी राहून, एकाच गाडीनं आळीपाळीनं ऑफिस गाठून दिवस काढलेत आपण. आणि हेच गृहस्थ! मुलाला शाळेतले सगळेच्या सगळे एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, क्लास घ्यायला लावलेत, पोरगं रात्री एक वाजेपर्यंत जागतं, हे त्यांनीच मला गणपतीच्या आरतीनंतर अभिमानानं सांगितलं होतं. तिथं का नाही हो झेपेल तेवढंच? तिथं 'हुशार मुलांत राहिला की आपोआप वर येतो'. मग आमच्या पोरांनी हुशारांच्या वर्गात जाऊन नापास व्हायचं नाही का?

जरा थांबतो. चहा गार झाला.

तर ती मॅच. चौथ्या क्वार्टरपर्यंत आम्हाला एकही फर्स्ट डाउन मिळाला नव्हता. न कळणाऱ्यांसाठी: चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढं न्यायचा, तो गेला की फर्स्ट डाउन, मग नवे चार प्रयत्न. साध्या संघालाही एका मॅचमध्ये पंधरा-वीस मिळतात. आम्हाला तीन क्वार्टर संपले तरी एक नाही. आणि मग चौथ्यात तो मिळाला. फर्स्ट डाउन. दहा यार्ड! उरलेले सगळे लोक उठून उभे राहिले. टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा, जसं काही चषकच जिंकला. आमच्या मागच्या रांगेत एक गोरे आजोबा होते, सत्तरीच्या पुढचे, लाल कानटोपी. त्यांनी माझ्या लेकीपुढं हात धरला, टाळी द्यायला. लेकीनं टाळी दिली आणि मला विचारलं, "बाबा, आपण हरतोय ना? मग ओरडतोय कशाला?"

काय सांगणार होतो? लोक टिंगल म्हणून ओरडत होते हे मला कळत होतं. स्वतःचीच टिंगल. पण ती नुसती टिंगलही नव्हती. आपल्याकडं पेठेतला संघ चार गोलनं मागं असतो आणि शेवटच्या मिनिटाला एक गोल मारतो, तेव्हा गॅलरीतून जो आवाज निघतो ना, तसा आवाज होता तो. (पेठ कुठली ते विचारू नका. पाटाकडील, दिलबहार आणि खंडोबा तिन्हीकडचे या यादीत आहेत, कमेंटमध्ये भांडणं नकोत.)

गृहस्थांच्या स्मरणशक्तीचंही कौतुक आहे. २०१६ लख्ख आठवतं, २०१४ नाही. बिग टेनमधला आमचा पहिला विजय कोणावर? मिशिगनवर. ४ ऑक्टोबर २०१४, २६–२४. तीनेक मिनिटं उरली असताना त्यांनी मारलेली छप्पन्न यार्डांची किक आमच्या पोरानं हातानं अडवली, नाहीतर तीन गुण मिळवून तेच पुढं गेले असते. लोक मैदानात उतरले होते. पुढच्या गणपतीत मी २६ मोदक मोजून त्यांच्या पानात वाढणार आहे.

बरं, मान्य करायचं ते करतो. हे सगळं पैशासाठी झालं. रटगर्स खेळतं कसं हे बघून बोलावणं आलं नाही, न्यूयॉर्कच्या आसपासच्या घराघरातल्या केबलच्या डब्यांकडं बघून आलं. बिग टेनला आपलं चॅनेल या भागात विकायचं होतं. आता पूर्ण वाटा वर्षाला सहा कोटी डॉलरच्या वर जातो, आणि तरी आमच्या क्रीडा विभागाचा खर्च भागत नाही, विद्यार्थ्यांच्या फीमधून पैसे वळते होतात. ती फी मीच भरतो, लेक तिथंच शिकते. त्यामुळे हे मला कोणी शिकवू नये.

लॉस एंजेलिसपर्यंत खेळायला जायचा वेडेपणाही मान्य. २०२४ पासून यूएससी, यूसीएलए, ऑरेगन, वॉशिंग्टन ही पश्चिम किनाऱ्यावरची विद्यापीठंही बिग टेनमध्ये आली. नावात दहा, संघ अठरा. गणित कोणाचं कच्चं म्हणायचं! एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना देशाच्या या टोकाहून त्या टोकाला विमानात घालून न्यायचं, खेळवायचं, सोमवारी पुन्हा वर्गात बसवायचं. त्या ऑक्टोबरात आम्ही तिकडं जाऊन यूएससीकडून ४२–२० नं हरून आलो. पण त्याच्या आधीच्या महिन्यात वॉशिंग्टनवाले तेवढंच अंतर कापून पिस्काटवेला आले आणि २१–१८ नं हरून परत गेले. विमान दोन्ही बाजूंनी लांबच असतं.

ज्या गोष्टीसाठी मी बिग टेनचा जन्मभर ऋणी राहीन ती फुटबॉल नव्हेच. कुस्ती. हा विषय निघाला की मी आवरत नाही, बायको म्हणते तसं. कॉलेज कुस्तीत बिग टेनसारखा कठीण आखाडा अमेरिकेत दुसरा नाही. आयोवा, पेन स्टेट, ओहायो स्टेट, एकेक पोरगं म्हणजे पोलादी कांब. आमचे पैलवान तिथं गेले आणि पाच वर्षांत, २०१९ च्या मार्चमध्ये पिट्सबर्गला, रटगर्सला पहिल्यांदा राष्ट्रीय विजेते मिळाले. एक नाही, एकाच रात्री दोन. निक सुरियानो १३३ पौंडांत आणि अँथनी ॲशनॉल्ट १४९ पौंडांत. ॲशनॉल्ट तर आमच्या शेजारच्या साउथ प्लेनफिल्डचा, इथून गाडीनं दहा मिनिटं. मी घरी टीव्हीसमोर शड्डू ठोकला होता, खोटं नाही. कोल्हापूरला भावाला फोन लावला तर तिकडं पहाट, तो म्हणाला कोण गेलं? म्हटलं कोणी गेलं नाही, आपला पैलवान जिंकला. म्हणाला, कुठल्या तालमीचा? म्हटलं, रटगर्स. दोन मिनिटं गप्प, मग म्हणाला, "नाद खुळा," आणि फोन ठेवून झोपला.

आमचा हा पैलवान रोज सोप्या जोडीशी लढत राहिला असता तर?

फुटबॉलवालेही सावरलेत. हळूहळू. कॉन्फरन्समध्ये ओळीनं एकवीस मॅच हरल्यावर ऑक्टोबर २०२० मध्ये मिशिगन स्टेटला त्यांच्या घरी ३८–२७ नं पाडलं. ग्रेग शियानो कोच म्हणून परत आले होते, त्यांची ती पहिलीच मॅच. कोविडचे दिवस, स्टेडियम रिकामं, आम्ही घरात पायजम्यावर नाचलो. २०२३ ला सात जिंकल्या, २०२४ ला सात. अजून ओहायो स्टेट समोर आलं की मी देवासमोर दिवा लावूनच टीव्ही लावतो. आम्ही कधी बिग टेन जिंकू का? मला नाही वाटत. माझ्या हयातीत तर नाहीच. हे लिहिताना त्रास होतोय, पण आहे ते आहे.

आता एक गोष्ट. वर लिहिलंय ना, लोक उठून गेले आणि आम्ही बसून राहिलो? ते अर्धं खरं आहे. हाफटाइमला मी उठलो होतो. जॅकेट घातलं होतं, गाडीची किल्ली हातात होती. डोक्यात हिशोब चाललेला, की आत्ता निघालो तर रूट १८ वरची गर्दी चुकेल, आणि पोरीला पहिल्याच मॅचला असला तमाशा दाखवला म्हणून स्वतःचाच राग. तीच उठेना. म्हणाली, "ते खेळतायत ना अजून." मी म्हटलं, अगं बाळा, संपलंय हे. तर म्हणते, "त्यांना जाता येतं का मग घरी?" मागचे आजोबा हसले. मी जॅकेट काढून बसलो. थंडी वाजत होती म्हणून पुन्हा घातलं, पण बसलो.

त्यामुळे खरं तर मी आज दुपारी त्या गृहस्थांवर चिडलो ते कशामुळे, मला आत्ता लिहिता लिहिता शंका यायला लागलीय. ते जे बोलले तेच मी त्या रात्री ४३–० ला म्हणत होतो. शब्द वेगळे होते. भेंडी नव्हती हातात.

असो. माणूस वाईट नाही. गेल्या हिवाळ्यात आमची गाडी बर्फात अडकली तेव्हा फावडं घेऊन हेच आले होते. पोस्ट वाचत असाल तर राग मानू नका, मोदकांचं मात्र नक्की आहे.

पुढच्या घरच्या मॅचची चार तिकिटं आहेत, आम्ही तिघंच. कोणाला यायचं असेल तर सांगा. दुपारी बाराची मॅच आहे, पार्किंगमध्ये नवाला पोचायचं. थालीपीठ आणि लोणी आमच्याकडून. लाल काहीतरी घालून या, नसेल तर माझ्याकडं जास्तीची टोपी आहे.

एडिट: लेकीनं वसतिगृहातून पोस्ट वाचली. तिचं म्हणणं, ती त्या रात्री मॅचसाठी थांबली नव्हती, मी नाचोज आणून देतो म्हणालो होतो आणि ते अजून आणले नव्हते. मला हे अजिबात आठवत नाही. पोस्ट बदलणार नाही.