ऊब कोंडून ठेवता येत नाही

पानगळ संपत आली, की मध्येच चार-आठ दिवस असे येतात की अंगातला स्वेटर दुपारी खुर्चीच्या पाठीवर टाकावासा वाटतो. नेमक्या त्याच दिवसांत एक संदेश दरवर्षी फिरू लागतो. यंदा तो मला चौघांकडून आला, आणि चौघेही माझ्यावर माया करणारे असल्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

संदेशाचा मथितार्थ असा. ही उशिराची ऊब फसवी आहे, कारण सूर्य रोज लांब चालला आहे. म्हणून घरात ऊब आहे तोवरच दारं-खिडक्या घट्ट लावून घ्या, फटी टेपने बुजवा, म्हणजे ती ऊब हिवाळाभर पुरेल. ऊन खायचं तर बंद काचेआड बसून खा, ‘ड’ जीवनसत्त्व तसंही मिळतं. हीटर एकदा लावला की बंद करू नका, चालू-बंद करण्यात वीज जास्त जाते. हीटर नसेल तर पेटत्या मेणबत्तीवर मातीची कुंडी उपडी ठेवा, नाहीतर निजायच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवा.

यातलं बरंचसं चूक आहे, एखादी गोष्ट अर्धी बरोबर आहे, आणि शेवटची जिवावर बेतणारी आहे.

सूर्य लांब जातो, इथून सुरुवात करू. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. म्हणजे उत्तर गोलार्ध कुडकुडत असतो तेव्हा. सगळ्यात लांब असते ती जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. थंडी अंतराने पडत नाही, पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललेला आहे म्हणून पडते. किरणं तिरपी येतात, तेवढाच प्रकाश जास्त जागेवर पसरतो आणि दिवसही आखूड होतो.

ही ऊब फसवी आहे का? जमीन आणि पाणी सावकाश तापतात आणि सावकाशच निवतात. मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखे असतात, सूर्य आकाशात तितकाच वर असतो, तरी उत्तर गोलार्धातल्या समशीतोष्ण भागांत सप्टेंबर बहुधा मार्चपेक्षा उबदार असतो, तो उन्हाळ्याच्या या शिलकीमुळे. सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, पण कडाक्याची थंडी त्यानंतर काही आठवड्यांनी येते, तीही याच कारणाने. त्या शिलकीवर हवेच्या जास्त दाबाचा पट्टा येऊन स्थिरावला, की वरची हवा खाली उतरते, ढग विरतात, वारा पडतो आणि दुपार सोनेरी होते. फसवी म्हणायचीच तर रात्र म्हणा. दुपारी ऊन देणारं तेच निरभ्र आकाश रात्री जमिनीची उष्णता वर सोडून देतं, म्हणून पहाटे थंडी झोंबते. दुपारच्या उबेत खोट काही नाही. ती खरी आहे, फक्त मुक्कामाला आलेली नाही.

आता ती घरात कोंडून ठेवण्याचा सल्ला. सगळ्यात जास्त माणसं हाच ऐकतात. एके काळी मीही ऐकला होता.

नव्या घरातला पहिला हिवाळा होता. मी उत्साहाने खिडक्यांच्या चौकटींना टेप लावला, न्हाणीघरातल्या झरोक्यावर पुठ्ठा बसवला आणि स्वतःवर खूश झालो. महिन्याभरात सकाळी काचांवरून पाणी ओघळायला लागलं. मी ते फडक्याने पुसत राहिलो. थंडी सरल्यावर भिंतीला टेकून ठेवलेलं कपाट सरकवलं, तर मागे छातीइतक्या उंचीपर्यंत काळी बुरशी. कपाटातल्या कोटाला तो वास पुढे दोन वर्षं होता.

चूक कुठे झाली, ते गणिताने समजतं. घराची ऊब हवेत फारशी नसतेच. चार मीटर लांब, चार रुंद आणि अडीच उंच अशा खोलीत ४० घनमीटर हवा मावते. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला सुमारे १.२ किलोज्यूल लागतात. म्हणजे खिडक्या सताड उघडून खोलीतली सगळी हवा बदलली आणि ती नवी हवा १५ अंशांनी तापवायची ठरवली, तरी ७२० किलोज्यूल लागतील. विजेच्या हिशेबात एक पंचमांश युनिट. खरी ऊब असते भिंतीत, जमिनीत, सामानात. तेवढ्याच आकाराच्या विटा हवेच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरतात. पाच-दहा मिनिटं खिडकी उघडली तर हवा बदलते, भिंती निवत नाहीत. आणि खिडकी कितीही बंद ठेवली तरी भिंतींमधून, छतातून, काचेतून उष्णता बाहेर जातच राहते. हिवाळाभर कुठली, साध्या घरात ही साठवण फार तर दोन-चार दिवस टिकेल.

टिकते ती ओल. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला सुमारे ३०-४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. धुतलेल्या कपड्यांचा एक घाणा घरात वाळवला तर जवळपास दोन लीटर पाणी हवेत जातं. स्वयंपाक आणि आंघोळ वेगळीच. वीस अंशांची हवा घनमीटरमागे फार तर १७ ग्रॅम वाफ धरू शकते, शून्य अंशांची पाच ग्रॅमसुद्धा नाही. त्यामुळे ६० टक्के आर्द्रतेची वीस अंशांची हवा १२ अंशांच्या भिंतीला लागली की तिथे पाणी सुटतं. ते दिसेपर्यंत थांबायची बुरशीला गरज नसते; भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास बराच काळ राहिली तरी तिचं भागतं. कपाटामागे हवा खेळत नाही, भिंतीचा तो भाग सगळ्यात थंड राहतो, म्हणून ती आधी तिथेच उगवते.

यावर हमखास येणारा प्रश्न असा, की बाहेर धुकं असताना खिडकी उघडली तर ओल आत नाही का येणार? थंडीत नाही येत. शून्य अंशांची पूर्ण दमट हवा आत घेऊन वीस अंशांपर्यंत तापवली, तर तिची आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली उतरते. बाहेर जी ओली वाटते तीच हवा घरात येऊन कोरडी होते. मला हे पटायला एक स्वस्तातला आर्द्रतामापक विकत घ्यावा लागला. काटा खाली जाताना डोळ्यांनी पाहिला तेव्हा पटलं.

फटी बुजवा हे मात्र अर्धं खरं आहे. दाराखालून येणारी झुळूक, चौकटीची सुटलेली कड, वापरात नसलेलं धुराडं यांतून रात्रंदिवस उष्णता जाते आणि त्या बदल्यात हवा हवी तिथे हवी तेव्हा मिळतही नाही. तिथे रबरी पट्टी लावाच. पण झरोका, एक्झॉस्ट फॅन, गॅसच्या उपकरणाजवळची जाळी या फटी नव्हेत. त्या मुद्दाम ठेवलेल्या वाटा आहेत, त्यांना हात लावायचा नाही. कोणती फट आणि कोणती वाट हे ओळखता येत नसेल, तर टेपचं रीळ आधी खाली ठेवा.

म्हणूनच या उबदार दिवसांत करायचं काम संदेशाच्या बरोबर उलट आहे: घर बंद करायचं नाही, उघडून वाळवायचं. दुपारी समोरासमोरच्या खिडक्या उघडा. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि तिथेच राहू द्या. पांघरुणं, गाद्या, उशा उन्हात टाका. उन्हाने सगळे जंतू मरतात असं मी म्हणणार नाही, पण त्यांतली ओल जाते, आणि धुळीतल्या माइट किड्यांना पाणी प्यायला तोंड लावायची सोय नसते, ते हवेतली आर्द्रता शोषून जगतात. आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली की त्यांचे हाल होतात. वाऱ्याच्या दिवशी पेटती उदबत्ती चौकटीजवळून फिरवा (पडदा आधी बाजूला करा!), धूर जिथे आडवा पळतो तिथे फट. पट्टी आणि सीलंट लावायचे तेही आत्ताच. गारठलेल्या, दमट पृष्ठभागावर चिकटपट्टी नीट धरत नाही, आणि जानेवारीत लावलेली पट्टी फेब्रुवारीत हातात येते हा माझा दोनदा घेतलेला अनुभव आहे.

काचेआडच्या उन्हातून ‘ड’ जीवनसत्त्व मिळतं, हा दावा सरळ चूक आहे. त्वचेत हे जीवनसत्त्व तयार व्हायला अतिनील-ब किरणं लागतात आणि खिडकीची साधी काच ती जवळजवळ सगळी अडवते. अतिनील-अ आत येतात; त्यांनी सोफ्याचं कापड विटतं, जीवनसत्त्व बनत नाही. बाहेर बसलात तरी अक्षांश आणि ऋतू आड येतोच. मायकेल हॉलिक आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बोस्टनच्या, म्हणजे ४२ अंश उत्तरेच्या, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या उन्हात हे जीवनसत्त्व तयार होताना दिसलं नाही. कॅनडातल्या एडमंटनला, आणखी उत्तरेला, हा काळ ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत लांबला. विषुववृत्ताच्या जवळ राहणाऱ्यांना ही अडचण नाही. दूर राहणाऱ्यांनी कमतरता असेल तर डॉक्टरांना विचारावं, खिडकीला नाही.

पण म्हणून काचेआडचं ऊन वाया जातं असंही नाही. शरदाच्या अखेरीस सूर्य खाली उतरलेला असतो, त्यामुळे तो घरात खोल शिरतो. ४० अंश उत्तर अक्षांशावर नोव्हेंबरच्या मध्याला भर दुपारी तो क्षितिजापासून सुमारे ३२ अंश वर असतो. दोन मीटर उंचीपर्यंतच्या खिडकीतून येणारा कवडसा आत तीन मीटरपेक्षा जास्त पसरतो. जूनमध्ये तोच अर्ध्या मीटरच्या थोडा पुढे जाऊन थांबतो. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडच्या आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडच्या खिडक्या म्हणजे फुकटचे हीटर आहेत. दिवसा पडदे पूर्ण बाजूला सारा, काचा पुसा, आणि दिवेलागणीला पडदे लावून घ्या. एवढ्याने जे मिळतं तीच या दिवसांची खरी कमाई, आणि ती रोजची रोज मिळवावी लागते.

हीटर सतत चालू ठेवण्याबद्दल फार बोलायला नको. आत-बाहेरच्या तापमानात जेवढा फरक, तेवढी उष्णता बाहेर जाते. तुम्ही घरात नसताना आठ तास फरक कायम ठेवला, तर आठ तास उष्णता बाहेर ओतलीत. परत आल्यावर घर तापवायला लागणारी ऊर्जा त्याहून कमी भरते. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणणाऱ्या हीट पंपाचं गणित थोडं वेगळं आहे, त्याला फार खाली-वर केलेलं मानवत नाही. आणि जिथे पाण्याचे नळ गोठतात तिथे घर पूर्ण थंड होऊ देऊ नये. याच संदेशाच्या एका आवृत्तीत थर्मोस्टॅट (हीटरचं तापमान ठरवायचं बटण) ३० वर नेला की घर लवकर तापतं, असंही जोडलेलं आहे. साध्या हीटरचा थर्मोस्टॅट ॲक्सिलरेटर नसतो. तो कधी थांबायचं एवढंच सांगतो.

मेणबत्तीवरची कुंडी पाहून मला हसू येतं. मेणबत्ती जळते तेव्हा साधारण ८० वॉट उष्णता देते. कुंडी ठेवली तरी तितकीच, न ठेवली तरी तितकीच. कुंडी गरम लागते म्हणून खोली जास्त तापल्याचा भास होतो. नुसता बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता देतो. कुंडीऐवजी एखाद्या मित्राला बोलवा. तो सहसा पडद्याला आग लावत नाही.

शेगडीबद्दल मात्र हसण्यासारखं काही नाही. निखारा धूर करत नाही म्हणून लोक त्याला निर्धोक समजतात. कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने खोकलाही येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट धरतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं. झोपलेल्या माणसाला तेवढंही कळत नाही. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, ताप नाही, आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर सर्दी-पडशाचा विचार करू नका. सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या आणि लगेच वैद्यकीय मदत बोलवा. संदेशाने आधी फटी बुजवायला सांगितलं आहे आणि मग शेगडी आत घ्यायला. दोन्ही सल्ले एकाच घरात पाळले गेले तर काय होईल, याचा विचार पुढे पाठवणाऱ्या चौघांपैकी एकानेही केला नव्हता.

गॅसवर, लाकडावर किंवा तेलावर चालणारं कोणतंही उपकरण घरात असेल तर ते तपासून घ्यायला हेच दिवस बरे. तंत्रज्ञाला सवड असते, धुराडं साफ करता येतं, आणि बिघाड निघाला तरी दोन-चार रात्री त्याच्याशिवाय निघतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर बसवा. असेल तर नुसतं बटण दाबून पाहू नका, खाली उतरवून मागे छापलेली मुदत वाचा. बटणाने बॅटरी आणि भोंगा तपासला जातो. आतला सेन्सर मुदत संपून निकामी झालेला असला तरी भोंगा वाजतोच.