नदीला कळू देऊ नका

अभिनंदन! गोदावरी खोऱ्यातल्या पाण्याच्या समन्वयाचं काम तुमच्या गळ्यात पडलंय म्हणे. घाबरू नका, त्याला पाणी लागत नाही. टपाल लागतं.

पहिलं पथ्य, घाई नको. २००५ साली कायदा झाला. जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं, मुख्य सचिवांचं राज्य जल मंडळ आलं, त्याच्या डोक्यावर मुख्यमंत्र्यांची राज्य जल परिषद आली. मंडळाने सहा महिन्यांत एकात्मिक जल आराखडा करायचा होता. परिषदेची पहिली बैठक भरली २०१५ साली. दहा वर्षं एका टेबलाशी बसलेच नाहीत, त्यामुळे भांडणही झालं नाही. याहून मोठा समन्वय कोणता? (आराखड्यावाचून प्रकल्पांच्या मंजुऱ्या मात्र कधी अडल्या नाहीत.)

एककांचंही भान ठेवा. समोरचा टीएमसीत (अब्ज घनफुटांत) बोलला की तुम्ही दलघमीत (दशलक्ष घनमीटरांत) उत्तर द्या. पैठणच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा ७६.६५ टीएमसी म्हणा नाहीतर २१७१ दलघमी, धरण तेच. पण मेळ बसेपर्यंत चहा येतो.

खरी परीक्षा १५ ऑक्टोबरची. नियम शेंबड्या पोरालाही कळेल असा आहे: त्या दिवशी जायकवाडीच्या उपयुक्त साठ्याचा हिशेब ६५ टक्क्यांच्या खाली आला, तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. इतका सोपा नियम लगेच पाळला तर आपली गरज काय उरली? २०२३ चा धडा गिरवा. ८.६०३ टीएमसी सोडण्याचा आदेश ३० ऑक्टोबरला निघाला, पाणी सुटलं नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. वरची दारणा-निळवंडे धरणं आणि खालचं पैठण, कारभार एकाच पाटबंधारे महामंडळाचा. म्हणजे उजव्या हाताने डाव्या हाताला पत्र लिहायचं आणि खाली 'प्रत माहितीस्तव सविनय सादर' म्हणून दोन्ही पायांना कळवायचं. मधल्या काळात नाशिक-नगरला 'थेंबही देणार नाही' आणि मराठवाड्यात 'हक्काचं पाणी द्या' अशी आंदोलनं होतील. होऊ द्या. दोन्हीकडचे पुढारी एकाच सरकारात असले तर सोन्याहून पिवळं.

पाणी सुटलंच, तर वाटेत फळ्या घालून पाणी अडवणारे कोल्हापुरी बंधारे आहेत. फळ्या काढायचं पत्र शाखा अभियंत्याला, काठावरच्या मोटारींची वीज तोडायचं पत्र वीज कंपनीला, बंदोबस्ताचं पोलिसांना. तिन्ही एकाच दिवशी पोचू देऊ नका, नाहीतर पाणी सरळ पैठणला जाईल. बंधाऱ्यावर एखादा म्हातारा फळीवर मांडी ठोकून बसलेला असेल. "सायेब, माझ्या उसाचं काय?" तो विचारेल. त्याला वरिष्ठांचा नंबर द्या. तो लागत नाही.

शेवटी अहवाल. सुटलं किती, पोचलं किती, यातल्या फरकाला 'वहनव्यय' म्हणतात. कोरड्या वाळूने प्यायलेलं, उन्हाने नेलेलं, रात्री अकराला मोटारीने उपसलेलं, सगळं त्या एका शब्दात मावतं. एवढी साठवणक्षमता आपल्या एकाही धरणाची नाही.

आणि पैठणहून फोन आला तर सांगा, पत्र निघालंय. पाणी त्याच्या मागोमाग येतंय.